हेड उतरवण्याआधी पाणी कुठे जातंय ते शोधा

प्रश्न : आमची छोटी पेट्रोल गाडी 2014 ची आहे, 96,000 किलोमीटर झालेत. मी चिपळूणला शाळेत शिकवते. आई कराडला असते, तिची तब्येत बरी नसते, म्हणून दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाट चढून जावं लागतं. मे महिन्यापासून पोफळी सोडली की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. चिपळूणच्या बाजारात कितीही गर्दी असो, काही होत नाही. हेळवाकच्या पुढे काटा परत मध्यावर येतो. आधीच्या मिस्त्रींनी रेडिएटरची कॅप बदलली, ‘थर्मोस्टॅट आपल्याकडे लागत नाही’ म्हणून काढून टाकला आणि फॅन डायरेक्ट करून दिला. तरी फरक नाही. उलट अ‍ॅव्हरेज 17 वरून 14 वर आलं. रेडिएटरच्या बाटलीत पंधरा दिवसांत अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, मी नळाचंच घालते. मागच्या खेपेला घाटात काटा लाल पट्टीपर्यंत गेला आणि एकदम खाली आला. मला वाटलं गाडी थंड झाली. तशीच दोन-अडीच किलोमीटर पुढे नेली, तर बोनेटमधून वाफ आणि गाडी बंद. थंड झाल्यावर पाणी घातलं, चालू झाली, आता गावात नीट चालते. दुसऱ्या गॅरेजमध्ये ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा फेस दाखवून म्हणाले, हेड गॅस्केट उडालंय, हेड उतरवावं लागेल, 26,000 रुपये. करू का? की गाडी विकून टाकू? मिस्त्रींशी बोलताना मला काही कळत नाही याचं वाईट वाटतं.
– एक शिक्षिका, चिपळूण

ताई, हेड उतरवायला अजून हो म्हणू नका. हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील. दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्री खोटं सांगतायत असं मी म्हणत नाही. गॅस्केट गेलेलं असूही शकतं. पण मे महिन्यापासून गाडी तापतेय ती गॅस्केटमुळे, असं तुमच्या पत्रातल्या एकाही गोष्टीवरून दिसत नाही. गॅस्केट उडतं ते बहुतेक वेळा गाडी तापल्यामुळे, आणि तापण्याचं मूळ दुसरीकडेच असतं. ते मूळ तसंच ठेवून नुसतं गॅस्केट बदललं, तर नवंही त्याच घाटात जातं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत असताना, दुसऱ्यांदा हेड उतरवायला आलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या. पहिल्या वेळी रेडिएटरला कोणी हातच लावलेला नसायचा.

आणि कळत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कुठे तापते, कुठे तापत नाही, किती पाणी लागतं, काटा कसा वागला, हे सगळं तुम्ही पत्रात नेमकं लिहिलंय. चांगला मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी हेच चार प्रश्न विचारतो. तुम्हाला ते कोणी विचारले नाहीत, ही तुमची चूक नाही.

आधी काट्याचं सांगतो, कारण पुढच्या खेपेला हेच पुन्हा होऊ शकतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. तो पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनच्या धातूचं नाही. पाणी उकळून बाहेर गेलं की सेन्सरच्या टोकाभोवती नुसती हवा आणि वाफ उरते, तिच्यातून त्याला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि काटा खाली येतो. त्या वेळी इंजिन मात्र कधी नव्हे इतकं तापलेलं असतं. चढावर लाल पट्टीवरचा काटा अचानक पडला, तर आत पाणी उरलेलं नाही असंच धरायचं, आणि गाडी बाजूला घेता येईल तिथे लगेच इंजिन बंद करायचं. त्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये तुमचं हेड कोरडं तापलं असणार. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, आणि वाकलं की गॅस्केट नीट दाबून धरत नाही. म्हणून मी गॅस्केटची शक्यता मोडीत काढत नाही. पण ती तपासून ठरवायची गोष्ट आहे, फेस बघून नव्हे.

त्या फेसाबद्दल इथेच सांगून टाकतो. ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात पांढरट साय धरणं कोकणात काही नवीन नाही. हवेत दमटपणा, शाळेपर्यंतच्या छोट्या फेऱ्या, आणि इंजिन पुरतं गरम न होणं, एवढ्यानेच आतल्या वाफेचं पाणी होऊन ऑइलमध्ये फेसाळतं. तुमच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढल्यामुळे इंजिन गावात गरम होतच नाही, त्यामुळे हा फेस येणारच. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर टेकवा. तिच्यावरचं ऑइलही दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असली, तर गोष्ट गंभीर, आणि मग गाडी चालू करू नका. डिपस्टिकवर स्वच्छ तपकिरी किंवा काळं ऑइल असेल, तर झाकणाखालचा फेस पुरावा म्हणून चालत नाही.

आता मूळ प्रश्न. गाडी घाटातच का तापते?

पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्यातून रेडिएटरकडे येतो आणि तिथून हवेत जातो. बाजारात गाडी रखडते तेव्हा समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार फॅनवर असते. पण इंजिनवर भारही नसतो, त्यामुळे उष्णता कमी. तिथे तापणाऱ्या गाडीत मी आधी फॅन बघतो. तुमची बाजारात तापत नाही. चढावर सगळं उलटं होतं. दुसरा गिअर, पाय दाबलेला, एसी चालू, माणसं भरलेली. उष्णता भरमसाट आणि वेग तीसच्या आतबाहेर. अशा वेळी सिस्टिमचा कस लागतो. म्हणजे फॅन फिरतोय, पण रेडिएटरकडून उष्णता बाहेर टाकली जात नाही, किंवा पाणी रेडिएटरपर्यंत पुरेसं पोचत नाही, किंवा पाणीच कमी आहे. या तिघांतलं एक. तुमच्या बाबतीत मला वाटतं तिन्ही थोडंथोडं.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो, कारण ‘आपल्याकडे लागत नाही’ हे मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि ते खरं नाही. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कुपीवर चालणारा वॉल, म्हणजे झडप. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं आणि वॉल उघडतो. पुष्कळ गाड्यांत तो 82 किंवा 88 अंशांना उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. आता महत्त्वाचं असं, की पुष्कळ इंजिनांत हाच थर्मोस्टॅट दोन कामं करतो. रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासचा, म्हणजे इंजिनमधलं गरम पाणी परत इंजिनमध्येच नेणारा आडरस्ता, बंद करतो. थर्मोस्टॅट काढला की तो आडरस्ता कायमचा उघडा. मग पाण्यातला काही भाग रेडिएटर न बघताच परत फिरतो. सपाटीवर ते जाणवत नाही, चढावर नेमकं तेवढंच कमी पडतं. तुमच्या गाडीत ही रचना असेल, तर तापू नये म्हणून केलेल्या उपायानेच ती घाटात जास्त तापत असेल.

अ‍ॅव्हरेज का पडलं तेही यातच आलं. गावात तुमचं इंजिन थंडच राहतं. इंजिनचा कॉम्प्युटर समजतो अजून सकाळची सुरुवात आहे, आणि जास्त पेट्रोल सोडतो. वर फॅन डायरेक्ट, म्हणजे किल्ली फिरवल्यापासून सतत वारा. एखाद्या सकाळी वीस मिनिटं गाडी चालवून हीटर पूर्ण गरमवर लावून बघा. कोमट हवा आली तर मी म्हणतोय ते तिथेच पटेल.

त्यामुळे पहिलं काम, नवा थर्मोस्टॅट आणि त्याचं रबर सील, गाडीच्या मॉडेलला लागतो त्याच आकड्याचा. बसवण्याआधी तपासून घ्या. हे तुम्ही शाळेत मुलांनाही दाखवू शकाल. थर्मोस्टॅटची पट्टी बोटांनी दाबून जरा उघडा, फटीत जाड दोरा अडकवा आणि सोडा, दोरा घट्ट धरला जाईल. त्या दोऱ्याने तो पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. स्वयंपाकाचं भांडं मात्र वापरू नका. पाण्यात 110 पर्यंत मोजणारा थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. वॉल उघडायला लागला की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा आणि वर कोरलेला आकडा यांत दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाणी खळखळून उकळलं तरी तो लटकलेलाच राहिला, तर नवा असला तरी परत करा.

फॅनबद्दल एक शंका आहे, ती तुम्ही दोन मिनिटांत फेडू शकता. डायरेक्ट करताना वायरी कापून नव्याने जोडतात. हा फॅन साध्या डीसी मोटरवर चालतो. प्लस-मायनस उलटे लागले की मोटर उलटी फिरते, आणि समोरची हवा आत ओढण्याऐवजी इंजिनची गरम हवा पुढे ढकलते. फॅन फिरताना दिसतो म्हणून कोणाला संशय येत नाही. गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, फॅन चालू असताना समोरच्या जाळीजवळ वहीचं एक पान धरा. बोनेटमध्ये हात घालायचा नाही, पदर-ओढणी सांभाळायची. पान जाळीला ओढलं जाऊन चिकटलं तर ठीक. फडफडत तुमच्याकडे आलं तर वायरी उलट्या आहेत. सुलट असल्या तरी ते डायरेक्ट कनेक्शन काढून मूळ रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) आणि सेन्सरवर परत करून घ्या. सेन्सर बिघडला असेल तर सेन्सर बदलायचा. मूळ वायरिंग झाल्यावर एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत एसी चालू असताना फॅनही फिरतो. तसा फिरला पण इंजिन तापूनही एसीशिवाय सुरू झाला नाही, तर मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सरच्या बाजूला आहे.

आता रेडिएटर. तुमच्या पत्रात कॅप बदलली, थर्मोस्टॅट काढला, फॅन डायरेक्ट केला, पण रेडिएटर कोणी बघितल्याचा उल्लेख नाही, आणि माझा सगळ्यात जास्त संशय तिथेच आहे. समोरून बघितलं तर जी स्वच्छ जाळी दिसते ती रेडिएटर नाही, तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे असतो, मध्ये बोटभर फट. या फटीत काय साचतं ते उघडल्याशिवाय कळत नाही. लाल मातीची धूळ, मेलेले किडे, वाळलेलं गवत, एसीचं तेल झिरपत असेल तर त्यात मळलेला चिखल, आणि दहा-अकरा वर्षांत त्याची गोधडीसारखी एक जाड घडी तयार होते. एका गाडीतून मी ती अख्खी एका तुकड्यात उचलली होती, रेडिएटरच्या पत्र्यांचे उभे वळ तिच्यावर उमटलेले होते. हवा तिच्यातून जाणार कशी? वरचे दोन ब्रॅकेट सोडले की रेडिएटर किंवा कंडेन्सर जरासा मागेपुढे होतो आणि फटीत टॉर्च मारता येते. सफाई साध्या पाण्याने, इंजिनच्या बाजूकडून समोरच्या बाजूला, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो.

आतून तुंबलाय का, हे बघायला लोखंडी कामासाठी वापरतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कोविडच्या वेळी कपाळावर धरायचे ते चालत नाहीत, ते पन्नासच्या आतच थांबतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करून रेडिएटरच्या पृष्ठभागावर ओळीने माप घ्यायचं. पाणी शिरतं तिकडून निघतं तिकडे तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. नळाच्या पाण्यातला क्षार आणि गंज यांनीच त्या बंद होतात. वाटेत गळती थांबवायला हळद टाकणारे जुने ड्रायव्हर मी पाहिलेत. गळती त्या दिवशी थांबायची आणि नळ्याही तुंबायच्या. तुमच्या गाडीत कोणी गळती बंद करायची पावडर किंवा लिक्विड टाकलंय का, हे दोन्ही मिस्त्रींना आठवून सांगायला सांगा. तुंबलेला रेडिएटर धुऊन नीट होईल याची खात्री नसते. खालच्या-वरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतील तर तो रॉडिंग करण्यापेक्षा (नळ्यांत सळई घालून साफ करण्यापेक्षा) बदलणं बरं.

अर्धा लिटर पाणी जातं कुठे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी तरी कुठल्याही कामाला हो म्हणणार नाही. छोट्या गाडीच्या सगळ्या सिस्टिममध्ये मिळून चार लिटरच्या आसपास पाणी असतं. त्यातलं अर्धा लिटर पंधरा दिवसांत जाणं ही छोटी गळती नाही.

उद्या सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीचं बोनेट उघडा. आणि थंड म्हणजे थंडच. गरम गाडीची कॅप कधीही उघडायची नाही, फडकं धरूनही नाही. आत दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप सैल झाली की दाब जातो आणि त्याच क्षणी ते उकळून तोंडावर उडतं. माझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी अजून वेगळ्या रंगाची आहे, ती अशीच एका घाईच्या दुपारची. थंड गाडीची कॅप उघडून रेडिएटरच्या तोंडात बघा. पाणी काठोकाठ हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर चार बोटं रिकामा, असं दिसलं तर कॅप किंवा तोंडाचं बसणं खराब आहे. गरम झालेलं पाणी फुगून बाटलीत जातं. थंड होताना ते परत ओढलं जायला हवं, त्याऐवजी कुठूनतरी हवा ओढली जातेय. तुम्ही फक्त बाटली बघून पाणी घालत असाल तर आत किती आहे ते तुम्हाला कळतच नाही. तसंच वरचा जाड पाइप सकाळी चपटा झालेला दिसला तर कॅपमधला परतीचा छोटा वॉल अडकलाय.

बदललेल्या कॅपवरचा आकडा वाचा. 0.9 किंवा 1.1 असं काहीतरी लिहिलेलं असेल, कॅप किती दाब धरते त्याचा तो आकडा. तो गाडीच्या मूळ कॅपइतकाच आहे ना, ते मॅन्युअलमध्ये बघा. 0.9 च्या कॅपखाली साधं पाणी 118-119 अंशांना उकळतं, 1.1 खाली 122 च्या जवळ. कॅप दाब धरतच नसेल तर शंभरालाच. एसी लावून घाट चढताना हा फरक फार मोठा आहे.

गळती शोधायला साधं पाणी अडचणीचं असतं. गरम भागावर पडलं की उडून जातं आणि मागे रंग राहत नाही. तरी खुणा असतात. पाइपांच्या क्लिपांपाशी पांढरी किंवा तांबूस खरपूड, वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून उतरलेला गंजाचा ओघळ, पुढच्या सीटखालच्या कार्पेटची ओल. पंपाच्या भोकातून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं, तो बदलावाच लागेल. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते. एसी लावल्यावर डाव्या बाजूला खाली जे स्वच्छ थंड पाणी ठिबकतं ते एसीचंच, त्याची काळजी नको.

मग गॅरेजमध्ये जा आणि दोन चाचण्या मागा. नावं अशीच सांगा, म्हणजे समोरच्यालाही कळेल की तुम्हाला काय हवंय. पहिली, कूलिंग प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी हातपंप लावून थंड सिस्टिममध्ये कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. दाब पडला तर गळती आहे, आणि बाहेरची असेल तर थेंब डोळ्यांना दिसतो. त्याच पंपावर कॅपही तपासून घ्या. दुसरी, ब्लॉक टेस्ट. निळ्या द्रावाची एक काचेची नळी गरम, चालू इंजिनच्या रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि आतली हवा द्रावातून ओढतात. ही टेस्ट त्यांनाच करू द्या, तुम्ही लांबून बघा. गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. तो तुम्ही स्वतः उभ्या राहून बघा, फोटो काढा. निळा निळाच राहिला, तर इंजिन जरा रेस करून आणखी एकदा करायला सांगा, कारण काही गॅस्केटं भार पडल्यावरच गळतात. चिपळूणला हे किट कोणाकडे नसेल तर मोठ्या वर्कशॉपला फोन करून विचारा. हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे या दोन्ही चाचण्यांचा खर्च काहीच नाही.

घरच्या घरी एक खूण बघता येईल. थंड गाडी चालू करा आणि एका मिनिटानंतर वरचा जाड पाइप बोटांनी दाबा. पाणी अजून थंड असतानाच पाइप दगडासारखा कडक झाला, तर दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. तुमची गाडी गावात नीट चालते, सकाळी एका दमात सुरू होते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही, असं असेल तर मला आशा वाटते.

द्राव पिवळा झालाच, तर मात्र हेड उतरवावंच लागेल, त्यात चालढकल नको. तेव्हा तीन गोष्टी मागा. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) लावून ते किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायचं. बऱ्याच छोट्या गाड्यांत 0.05 मिलिमीटरच्या पुढे गेलं की फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागतं. हेडला चीर आहे का, हे दाबाखाली तपासून घ्यायचं. आणि तुमच्या मॉडेलला हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवे घ्यायचे. त्याबरोबर रेडिएटर, थर्मोस्टॅट, फॅनचं वायरिंग हे सगळं झालंच पाहिजे. 26,000 मध्ये यातलं काय धरलंय, ते लिहून मागा.

काम झाल्यावर सिस्टिममध्ये नळाचं पाणी नको. मॅन्युअलमध्ये सांगितलेला कूलंट घ्या. तयार मिसळलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हिरवा आणि गुलाबी एकत्र करू नका, काही प्रकार मिसळले की आत चिकट गाळ धरतो. जुनं पाणी पूर्ण काढून, दोनदा धुऊनच नवा भरायचा. भरताना गाडीचं नाक जरा चढावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप सुरुवातीपासूनच उघडी, आणि थंड इंजिन चालू करून वरचा पाइप गरम होईपर्यंत आयडलवर. हवा बुडबुडे होऊन निघते आणि पातळी खाली जाते, तशी भरत जायची. आत अडकलेली हवा राहिली तर सगळं नवं घालूनही गाडी तापते, आणि मग पुन्हा गॅस्केटवर संशय येतो. कूलंट विषारी असतो आणि चवीला गोड, त्यामुळे काढलेला कूलंट कुत्र्या-मांजरांच्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणखी एक छोटा खर्च करा. 2014 च्या गाडीत स्टीअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचा, सॉकेट असणार. त्यात लावायचा ब्लूटूथचा डोंगल ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि मोबाइलवर पाण्याचं खरं तापमान अंशांत दिसतं. गाडीच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. कित्येक गाड्यांत तो बराच मोठा फरक होऊनही मधोमध स्थिर ठेवलेला असतो, आणि हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आत्ता, थर्मोस्टॅट नसताना, शाळेच्या रस्त्यावर तुम्हाला तिथे सत्तरच्या आसपासचा आकडा दिसेल असा माझा अंदाज आहे. नवा बसल्यावर तो 85 ते 98 च्या मध्ये राहायला हवा. घाटात शंभरी गाठणं चालेल. 105 च्या पुढे चढतच राहिला तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, काचा खाली करा, पाय हलका करा. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे, तापमान थोडं तरी उतरवतो. 110 ला रुंद जागा बघून थांबायचंच. वाफ नसेल तर दोन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवा, फॅनला काम करू द्या. वाफ असेल किंवा आकडा अचानक पडला असेल तर लगेच बंद. बोनेट उघडून पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर वरून पाणी ओतू नका, अ‍ॅल्युमिनियम तडकतं.

गाडी विकण्याबद्दल विचारलंत. आत्ता विकली तर ‘तापते’ या एका शब्दावर गाडीची किंमत 26,000 पेक्षाही जास्तने उतरेल, आणि न सांगता विकणं तुम्हाला जमणार नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. आधी तपासा. नव्वद-शहाण्णव हजार किलोमीटर हे पेट्रोल इंजिनचं म्हातारपण नाही. हेड शाबूत निघालं तर ही गाडी तुम्हाला आईकडे अजून कित्येक वर्षं नेईल.

प्रेशर टेस्ट आणि ब्लॉक टेस्ट होईपर्यंत मात्र घाट नको. आईकडे जायचं तेव्हा एसटीने जा, चिपळूण-कराड गाड्या आहेत. रोज सकाळी थंड गाडीत बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि तारीख घाला. आठ दिवसांच्या रेघा, कॅपवरचा आकडा, वहीच्या पानाचं काय झालं ते आणि ब्लॉक टेस्टचा रंग, एवढं मला लिहून पाठवा. 26,000 चं उत्तर मी त्या आठ रेघा बघून देईन.